हाक आणि मेंढरं

आमच्या उस्तादांच्या वेल्डिंगच्या जोडाला कुणी चांगला म्हटलं की ते चिडायचे, आणि वाईट म्हटलं की दोन दिवस बोलायचे नाहीत. त्यामुळे त्यांच्या कामाबद्दल त्यांच्याशी बोलायची सोयच नव्हती. जोड मनासारखा झाला की ते स्वतः एवढंच म्हणायचे, "जेवा आता." सबंध कारखान्यात याहून मोठं प्रशस्तिपत्र कुणाला मिळालेलं मला आठवत नाही.

निजामाचं राज्य जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती तेव्हा मी मानवतच्या एका कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगात इंजन ड्रायव्हर म्हणून लागलो. फाटकावरची उर्दू पाटी रंगवून तिच्यावर मराठी अक्षरं काढली होती. पण मालकांनी रंगात काटकसर केल्यामुळे खालची अक्षरं उन्हात वर यायची. उस्ताद माझ्या आधीपासून तिथं होते. जन्म चुडाव्याकडच्या धनगराच्या घरात. मेंढरं भावाच्या हवाली करून ते पूर्णेच्या रेल्वे शेडात गेले, तिथं एका हैदराबादी कारागिराच्या हाताखाली वेल्डिंग शिकले, आणि कुणाशी तरी भांडण करून आमच्याकडं आले. कुणाशी, असं विचारलं तर म्हणायचे, "लोखंडाशी." पुढं विचारायची छाती कुणाची नव्हती.

त्यांचं मशीन लढाई संपल्यावर मोडीत निघालेल्या फौजी सामानातून आलेलं होतं. कारखान्यात वीज नव्हती. माझं तेलावरचं इंजन एक लांबलचक शाफ्ट फिरवायचं, शाफ्टवरून पट्ट्यांनी सरकी काढायचे सगळे जिन चालायचे, आणि त्यातलाच एक पट्टा या मशीनवर जायचा. मशीनच्या तोंडावर हाताच्या पंजाएवढी दोन चाकं होती, एक व्होल्टेजचं आणि एक अँपिअरचं. चाकांवरचे आकडे पुसून गेले होते, आणि वरच्या दोन्ही मीटरांचे काटे मेलेलेच आले होते. म्हणजे किती व्होल्टेज आहे आणि किती अँपिअर, हे सांगणारं त्या मशीनवर काहीच शिल्लक नव्हतं. उस्ताद ते कानानं ठरवायचे. मोडीतल्या लोखंडावर वेल्डिंगची काडी टेकवायची, ठिणगी धरायची, आणि मान एका बाजूला कलती करून ऐकत एकेक चाक जरा जरा फिरवायचं. काडी वितळतानाचा आवाज तेलात सांडगे तळल्यासारखा एकसारखा आला की चाकं जागेवर बसली. फट-फट करत अडखळला तर अँपिअर कमी. सूं-सूं करून वाऱ्यासारखा पसरला तर काडी लांब गेली, नाहीतर जोर जास्त झाला.

आता जिन चालू असताना शेजारच्या माणसाचं बोंबलणंसुद्धा ऐकू येत नाही, तिथं काडीचा आवाज कुठून येणार? म्हणून वेल्डिंग फक्त जेवणाच्या सुट्टीत. भोंगा झाला, जिनांचे पट्टे उतरले, माणसं भाकरी सोडून बसली, की इंजनावर एकट्या या मशीनचा पट्टा राहायचा आणि उस्ताद कामाला लागायचे. त्या वेळात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, पाण्याची बादली आपटायची नाही, असा अलिखित कायदा होता. नवा हमाल एकदा सुट्टीत बासरी घेऊन बसला. उस्तादांनी ती काढून घेतली आणि संध्याकाळी परत देताना म्हणाले, "वाजवतोस झकास. उद्या गावाबाहेर वाजव."

माझं आणि त्यांचं नातं शिव्यांचं होतं. इंजनाची चाल जरा मंदावली की मशीनचा जोर उतरतो, आणि ते त्यांच्या कानाला माझ्या आधी कळायचं. मग कुणाच्या तरी हाती निरोप: "इंजनवाल्याला म्हणावं, तुझं इंजन झोपायलंय का?" कधी, "त्याला इचार, इंजनाला ताप आलाय का त्यालाच." मी चाल वाढवली की दुसरा निरोप: "पळायला कोण सांगितलं? वाघ लागलाय का मागं?" मीही काही मुका नव्हतो. पण खरं सांगायचं तर त्या शिव्यांमुळं मी माझं इंजन ऐकायला शिकलो. त्याआधी मी नुसता तेल घालणारा होतो.

एक काम झालं की दोन्ही चाकं शून्यावर न्यायची, हा त्यांचा नेम. लगेच तसंच दुसरं काम असलं तरी पुन्हा पहिल्यापासून. मी एकदा म्हणालो, "उस्ताद, आत्ताच तर जमलं होतं, राहू द्या की तसंच."

"सकाळची भूक सांच्याला चालती का?" ते म्हणाले. "हे लोखंड येगळं, ह्याची भूक येगळी."

त्यांच्या खोलीत भिंतीवर तारेला जोडलेल्या लोखंडाचे तुकडे टांगलेले असायचे. पाहुण्यांना वाटायचं, उस्तादांचे नामी नमुने. जवळ जाऊन बघितलं की एकेक जोड बघवत नसे. कुठं भोक पडलेलं, कुठं गुठळी वर बसून खाली लोखंड कोरडंच. सगळे त्यांनी स्वतः बिघडवलेले. चांगला जोड कामावर जातो, तो घरात कशाला, असा त्यांचा हिशेब. पाहुणा आला की त्याला त्या भिंतीपुढं उभं करून एकेका तुकड्याची हकिकत सांगायचे, घरातल्या वांड पोरांच्या खोड्या सांगाव्यात तशी. पाहुणा कंटाळायचा. उस्तादांना त्याचं काही वाटत नसे.

आमचा मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्या सुमारास मालकांनी नवा मॅनेजर आणला. माणूस शिकलेला आणि सरळ होता. त्यानं कुठून तरी वेल्डिंगचा छापील तक्ता मागवला. किती जाड लोखंडाला कोणती काडी, किती अँपिअर, सगळं त्यात होतं. नवे मीटरही मागवतो म्हणाला. उस्तादांनी तक्ता दोन्ही हातांनी घेतला, डोक्याला लावला आणि मशीनवर खिळ्याला अडकवला. खंडेनवमीला हत्यारांबरोबर तक्त्यालाही हळदकुंकू वाहिलं आणि झेंडूची माळ घातली. मॅनेजरनं विचारलं, "उस्ताद, पूजा ठीक आहे, पण तो वाचता का?"

"देवाला रोज रोज इचारून तरास द्यायचा नसतो, साहेब," उस्ताद म्हणाले.

मॅनेजर हसला. तक्ता खोटा नव्हता, हे मी इथं नोंदवून ठेवतो. पुढं उस्ताद काम सोडून गावी गेल्यावर नवे मीटर बसले, नवा मिस्त्री आला, तो तक्ता बघून चाकं लावायचा आणि त्याचे जोडही टिकले. जग उस्तादांवाचून अडलं नाही.

व्होल्टेज आणि अँपिअर ही काय भानगड आहे, हे मला त्यांनी एकदाच सांगितलं. बाजारचा दिवस होता, कारखाना बंद. कारखान्यामागच्या रानात खतासाठी कुणीतरी मेंढरं बसवली होती. ती राखणारे मेंढके उस्तादांच्या नात्यातलेच निघाले. उस्ताद मला कुंपणापाशी घेऊन गेले. कुंपणाला एक खिंड होती, कळप पलीकडं. उस्ताद खिंडीच्या अगदी जवळ उभे राहिले आणि जिभेनं हलकासा आवाज केला. मेंढरं एकमेकांना रेटत घोळक्यानं बाहेर आली. ती आत घालून ते रानाच्या पार दुसऱ्या टोकाला गेले आणि तिथून हाक दिली. घसा फुटेल अशी हाक. तेव्हा कुठं चार-दोन मेंढरं खिंडीतून निघाली, तीही रस्त्यात गवत शोधत, पांगत.

परत आल्यावर म्हणाले, "बघितलं का? हाक म्हंजे तुमचं व्होल्टेज. मेंढरं म्हंजे अँपिअर. काडी लोखंडाच्या जवळ धर, हळू हाक पुरती, मेंढरं दाटून येत्यात. काडी लांब ने, हाक मोठी लागती अन् मेंढरं कमी, ती बी पांगलेली."

"अन् चाकं?"

"एका चाकानं ठरतं, गळ्यात हाक किती ठिवायची. दुसऱ्यानं ठरतं, मेंढरं किती सोडायची. पातळ पत्र्यावर सगळा कळप सोडला तर? रान तुडवून भोक. जाड लोखंडावर चार सोडली तर वरवरचं गवत खातील, आत काय बी न्हाई. वरून दिसंल, जोड लागला."

"तोच वाईट," मी म्हणालो.

"त्याच्यापायी माणसं मरत्यात," ते म्हणाले, आणि मेंढक्यांकडं तंबाखू मागायला गेले.

मी पुढं इंजन-मोटारींची पुस्तकं वाचली. त्यांत व्होल्टेज-अँपिअर समजवायला पाण्याच्या टाक्या आणि नळ होते. मला मात्र कुठलाही मीटर बघितला की अजून खिंड दिसते. चुकीचं असेल तर असो.

मग एका हंगामात त्यांचे निरोप यायचे थांबले. इंजन झोपलं म्हणून नाही, पळालं म्हणून नाही. मला बरं वाटलं. मनात म्हटलं, चला, इतक्या वर्षांनी आपला हात बसला. मी खूश होऊन दिवाळीपर्यंत हिंडत होतो. मग एक दिवस इंजनात खरोखरच बिघाड झाला, चाल वरखाली व्हायला लागली, आणि उस्ताद पलीकडं शांतपणे काम करत होते. मी मुद्दाम जाऊन उभा राहिलो. काही नाही. त्यांनी वर बघितलं आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिले. डोळ्यांकडं नव्हे, तोंडाकडं. अलीकडं ते सगळ्यांशीच ओरडून बोलतात, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आम्ही ते त्यांच्या तापट स्वभावात जमा केलं होतं. जिनांच्या गदारोळात उमर काढलेल्या माणसाचे कान जायचेच, त्यात नवल काही नव्हतं. पण ते या माणसाचे जावेत, याचं मला फार वाईट वाटलं. मी कुणाला बोललो नाही. तेही बोलले नाहीत. त्यांचे हात चाकांवर वर्षानुवर्षांच्या सवयीनं बरोबर थांबत होते आणि जोड टिकत होते, म्हणून मीही गप्प बसणंच बरं समजलो.

आता प्रेसच्या कडीची गोष्ट. त्यातला दारावरचा हमाल पुढं नातवंडं खेळवून मग गेला, हे आधीच सांगून टाकतो. उगाच कुणाचा जीव टांगणीला लावायची मला हौस नाही.

प्रेस म्हणजे लोखंडी पेटी. तिच्यात रुई भरायची, दार लावायचं, दाराला जाडजूड कडी घालायची, आणि खालून माझ्याच शाफ्टवर चालणाऱ्या पंपाच्या जोरानं रुई दाबत न्यायची, की तिची दगडासारखी गठाण होते. ते सगळं दाबलेलं बळ त्या एका कडीवर असतं. गठाण झाली की कडी ठोकून दार उघडायला एक माणूस दारापुढंच उभा लागतो. दाब असताना कडी तुटली, तर दार त्याच्या छातीवर येणार. आमचा दारावरचा हमाल चार लेकरांचा बाप होता आणि दारापुढं उभा राहून तंबाखू मळत लावण्या म्हणायचा.

ऐन हंगामात कडीला चीर पडलेली दिसली. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली. दुसरी कडी घडवून आणायची तर आठवडा जाणार. मॅनेजर म्हणाला, "उस्ताद, जोडता येईल?" त्याला दोनदा विचारावं लागलं. उस्ताद म्हणाले, "येईल."

सुट्टीचा भोंगा झाला. जिन थांबले. माझं इंजन एकदा चालीला लागलं की घटकाभर मी नसलो तरी चालायचं, म्हणून मी तिथं जाऊन उभा राहिलो. मॅनेजर होता, हमाल होता. मशीनचा पट्टा आदल्या दिवशीच बदललेला होता, आणि नवा पट्टा थोडा घसरतो, मशीनला जोर कमी मिळतो. कान असलेल्या माणसाला ते पहिल्या काडीला कळतं. उस्तादांनी चिरेला छिन्नीनं खाच पाडली, तोंडाला काच धरली, नेहमीच्या जागी चाकं नेली आणि काडी टेकवली.

फट. फट-फट. फट.

वितळलेल्या लोखंडात माणूस हात घालून बसलेला असताना त्याला हटकता येत नाही. मी दात दाबून उभा राहिलो. त्यांनी जोड पूर्ण केला, वरची जळकी मळी झाडली. दिसायला सुबक वळी. मॅनेजर म्हणाला, "वा." उस्ताद चिडले नाहीत, तिथंच सगळं कळत होतं. कडी निवल्यावर त्यांनी ती तारेनं टांगली आणि हातोडीनं ठोका दिला. सलग लोखंड असेल तर खणकन वाजतं आणि आवाज रेंगाळतो. आत पोकळ राहिलं असेल तर बद्द वाजतं.

ठोका देऊन उस्तादांनी माझ्याकडं बघितलं.

"काय वाजलं?"

मॅनेजरला वाटलं, उस्ताद माझी परीक्षा घेताहेत. हमाल हसत होता. त्या माणसाला चारचौघांत हे सांगायचं होतं, आणि न सांगावं तर तो हमाल समोर उभा होता.

"बद्द वाजलं, उस्ताद," मी म्हणालो. त्यांना दिसावं म्हणून तोंड मोठं करून म्हणालो.

मॅनेजर म्हणाला, "बद्द म्हणजे? झालाय ना जोड?"

"न्हाई झाला." उस्तादांनी हातोडी खाली ठेवली. "साहेब, मला ऐकू येत न्हाई. लय दिवस झाले. आज ह्यानं ऐकलं म्हणून कळलं."

मॅनेजरचा चेहरा उतरला. "मग इतक्या दिवसांचे जोड?"

"हाताच्या आठवणीवर. हात चुकला न्हाई आजवर. आज चुकला." मग म्हणाले, "तुमी मला काढा, माझं म्हणणं न्हाई. पर ही कडी मला पुरी करू द्या. हात माझा हाय अजून. कान ह्याचा घेतो. ह्याला मी इतकी वर्षं शिव्या कशाला घातल्या?"

मॅनेजरनं बाहेरच्या गाड्यांच्या रांगेकडं बघितलं. मग म्हणाला, "करा. पण ठोका मी ऐकणार."

उस्तादांनी आपला जोड छिन्नीनं पार खणून काढला. माझा हात धरून आपल्या पाठीवर ठेवला. एक टिचकी म्हणजे मेंढरं वाढव, दोन म्हणजे कमी, दाबलं म्हणजे काडी जवळ ने, आणि पंजा पसरून ठेवला म्हणजे असंच राहू दे. मोडीच्या लोखंडावर पहिली काडी. फट-फट. मी टिचकी मारली, त्यांनी चाक जरासं फिरवलं. पुन्हा टिचकी. पुन्हा. मग सूं आला, मी दाबलं. त्यांची पाठ घामानं भिजलेली होती आणि हात मात्र हलत नव्हता. आणि मग तो आवाज आला, एकसारखा, सांडगे तळल्यासारखा. मी पंजा पसरून ठेवला. त्यांनी मान हलवली आणि कडी पुढं ओढली.

एकेका थरानं कडी भरत गेली. मध्ये आवाज ढळला की मी सांगायचो, ते सावरायचे. सुट्टी संपून गेली तरी कुणी भोंगा दिला नाही. जिनांवरची माणसं दाराशी येऊन गप्प उभी होती.

कडी टांगली. उस्तादांनी ठोका दिला. खणकन वाजली. मॅनेजरनं हातोडी घेऊन स्वतः दिला, मग मला दिली. मी तीनदा ठोकून बघितलं. तिन्ही वेळा आवाज लांबवर रेंगाळला.

कडी दारावर चढली. उस्तादांना त्यानंतर कुणी काढलं नाही. पुढचे काही हंगाम माझा पंजा त्यांच्या पाठीवर असायचा. मग डोळेही थकले, तेव्हा ते आपण होऊन गावी गेले. पण ते नंतरचं. त्या दिवशी रुई भरून झाली, दार लागलं, आणि हमाल आपल्या जागेवर जायच्या आधी उस्तादांपुढं येऊन थांबला. लावणी नव्हती, तंबाखू नव्हता. हातानं दाराकडं खूण करून, ऐकू जावं म्हणून मोठ्यानं त्यानं विचारलं,

"उस्ताद, उभा राहू का?"

हा प्रश्न त्यांना त्या कारखान्यात किती जणांनी, बोलून किंवा न बोलता, विचारला असेल. प्रत्येक जोडाला कुणीतरी विचारत असणारच. माझ्या ते कधी डोक्यातच आलं नव्हतं. मला वाटायचं, उस्ताद नुसते आवाजाचे नादी आहेत.

"मला नको इचारू," उस्ताद म्हणाले. "ऐकलंय ह्यानं. ह्याला इचार."

हमाल माझ्याकडं वळला. सगळे माझ्याकडं बघत होते. कडी खणकन वाजली होती, तिन्ही वेळा, माझ्या कानांनी. तरी तो शब्द तोंडातून काढायला मला जो वेळ लागला, तेवढा वेळ मी आयुष्यात कुठल्या उत्तराला घेतलेला नाही.

"राहा," मी म्हणालो.

तो दारापुढं जाऊन उभा राहिला. आणि प्रेसच्या पंपाचा पट्टा चढवायला मलाच जायचं होतं.